कूपेची कडी

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या आयुष्यात रात्रीच्या गाडीला जे स्थान असते, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन उमगणार नाही. रायपूरच्या मराठी माणसाला नागपूर जवळचे. सुमारे तीनशे किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. मुंबई मात्र सुमारे अकराशे चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे जायचे म्हणजे एक रात्र गाडीत काढणे आलेच. मुलीचे लग्न असो, काकांचे आजारपण असो की नोकरीची मुलाखत, सगळ्याची सुरुवात रायपूरच्या फलाटावर होते.

अलीकडे तिथल्या एका परिचितांनी मला विचारले, "आई-दादांना पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातून मुंबईला न्यायचे आहे. स्वतंत्र खोली मिळते म्हणतात. नेमकी काय अपेक्षा ठेवावी?" मी माझ्या अनुभवाप्रमाणे सांगितले. या डब्यात चार शायिकांच्या काही खोल्या असतात आणि दोन शायिकांच्या एक-दोन. चार शायिकांच्या खोलीला केबिन म्हणतात, दोनच्या खोलीला कूपे. सरकते दार असते आणि त्याला आतून कडी असते. मधली शायिका नसते, त्यामुळे ताठ बसता येते. चादरी, उशी, कांबळे भाड्यातच मिळते. माणशी सत्तर किलो सामान विनाशुल्क नेता येते. स्वच्छतागृह खोलीबाहेर, डब्याच्या टोकाला असते. म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना दिवा लावूनच उठावे. तपासनीस तिकीट पाहण्यासाठी दार ठोठावतो. ते उघडावेच लागते.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बजावली. तिकीट काढताना खोलीचा क्रमांक मिळत नाही. कोणाला कूपे आणि कोणाला केबिन, हे गाडीचा तक्ता तयार होताना ठरते. दोघेच असाल तर कूपेसाठी विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही. एकट्याने जाणाऱ्याच्या खोलीत अनोळखी माणसे असणारच. तेव्हा 'स्वतंत्र' हा शब्द थोडा जपून घ्यावा.

हे उत्तर देऊन झाले, पण तो प्रश्न मनातून जाईना. रात्रीच्या प्रवासात दाराला कडी लावून निजण्याची सोय कोणाला मिळाली, कोणाला नाही आणि ते कोणी ठरवले, हा प्रशासनाच्या इतिहासाचा एक लहानसा पण बोलका अध्याय आहे. तो रायपूरच्या फलाटावरून जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दुसरीकडून दिसेल.

रेल्वे येण्यापूर्वी

छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध रेल्वेहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीखाली कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूखही थेट इंग्रजी अमलाखाली गेला. या सर्व काळात नागपूर आणि रायपूर यांच्यातील अंतर माणसे बैलगाडीने, घोड्यावरून किंवा पायी काटत होती. धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे.

त्या प्रवासाची एक प्रसिद्ध नोंद आहे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात होते. त्यांचे कुटुंब तिकडे निघाले; त्यात चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ होता, जो पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाला. आज रायपूरच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. रेल्वेचा रूळ तेव्हा रायपूरपर्यंत पोहोचला नव्हता. शेवटची मजल दाट अरण्यातून बैलगाडीने, पंधरा दिवसांहून अधिक काळ चालली, असे चरित्रकार सांगतात. डोंगरकड्यांच्या दर्शनाने या मुलाचे भान हरपले, हा त्यातला सर्वश्रुत भाग. प्रशासनाच्या अभ्यासकाला त्यात दुसरेही काही दिसते. पंधरा दिवस म्हणजे पंधरा रात्री. प्रत्येक रात्री मुक्काम कुठे, पाणी कुठे, पहारा कोणाचा, हे ज्याचे त्याने पाहायचे. ज्याच्यापाशी माणसे आणि पैसा, त्याची रात्र सुरक्षित. वाटसरूच्या झोपेची जबाबदारी राज्याने घेतलेली नव्हती.

कायद्याने दिलेले पहिले दार

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली होती. १८८० च्या दशकाच्या आरंभी तिथून राजनांदगावपर्यंत सरकारी मीटरगेज मार्ग झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेतला, रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवला. १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल मार्ग पूर्ण झाला आणि १९०० मध्ये खरगपूरमार्गे हावडा जोडले गेले. मुंबई-कलकत्ता या सरळ रस्त्यावर रायपूर आले. पंधरा दिवसांची वाट एका दिवसात आटोपू लागली.

त्या काळी बहुतेक डब्यांना आतून जाण्यायेण्याची वाट नसे. प्रत्येक कप्प्याचे दार थेट फलाटावर उघडे. गाडी चालू झाली की पुढच्या स्थानकापर्यंत तो कप्पा म्हणजे एक बंद पेटी. पहिल्या वर्गात लांब गादीचे बाक असत. प्रवासी आपली वळकटी सोडून त्यावर निजे. तिसऱ्या वर्गात लाकडी बाकांवर माणसे खेटून बसत. बंद दाराचा अर्थ वर्गाप्रमाणे बदलत असे. वरच्या वर्गात तो एकांत होता, खालच्या वर्गात कोंडवाडा.

१८९० च्या रेल्वे कायद्यात या संदर्भात दोन कलमे आहेत, आणि ती एकापाठोपाठ वाचण्यासारखी आहेत. कलम ६३ प्रमाणे प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती माणसे बसवायची ती संख्या ठरवून, वाचता येईल अशी लिहून ठेवणे रेल्वेवर बंधनकारक झाले. कलम ६४ त्याच्याही पुढे गेले. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्या कप्प्याला शौचकूप जोडलेले हवे.

हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा थबकलो. रेल्वेतील खाजगीपणा ही श्रीमंतांची चैन, अशी आपली समजूत असते. परंतु या देशात कायद्याने जो राखीव कप्पा प्रत्येक गाडीला सक्तीचा केला, तो तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या बाईसाठी होता. पैसे मोजणाऱ्याला कप्पा बाजाराने दिला. जिला तो विकत घेता येत नव्हता, तिच्यासाठी कायद्याला उभे राहावे लागले. १९८९ च्या नव्या कायद्यातही कलम ५८ मध्ये स्त्रियांसाठी कप्पा किंवा ठरावीक शायिका राखण्याची तरतूद आहे. तिची मुळे इथे आहेत.

अर्थात कायद्याची नजर मर्यादित होती. कलम ६३ माणसे मोजत होते, पण बसलेली. झोपेचा हिशेब त्यात नव्हता. महात्मा गांधींनी १९१७ च्या सप्टेंबरात रांचीहून वृत्तपत्रांना लिहिलेल्या पत्रात मुंबई ते मद्रास या आपल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे वर्णन आहे. डबा बावीस जणांच्या बैठकीचा होता. दोन रात्रींचा प्रवास असूनही आडवे होण्यासाठी नीटशी फळी त्यात नव्हती. बावीस हा आकडा नियमाने ठरलेला होता. त्या बावीस जणांनी दोन रात्री काय करावे, याविषयी नियम गप्प होता.

फोमची दोन इंची गादी

स्वातंत्र्यानंतर वर्गांची उतरंड हळूहळू बदलली. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द होऊन खालच्या वर्गांची नावे एक पायरी वर सरकली. १९७४ मध्ये 'तिसरा वर्ग' हे नाव गेले. तीनमजली शयनयानाचे डबे आल्याने सामान्य प्रवाशाला आडवे होण्यापुरती फळी मिळू लागली. फळी हाच शब्द बरोबर, कारण ती लाकडाचीच होती.

मार्च १९७७ मध्ये प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरचे खासदार, समाजवादी विचारांचे. त्यांच्या दोन निर्णयांचा या लेखाशी संबंध आहे. पहिला, दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याचा. दुसरा, २६ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसचा. मुंबई-हावडा मार्गावरची ही जलद गाडी, आणि तिला पहिला वर्गच नव्हता. कूपे नाही, केबिन नाही. सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. पहिल्या वर्गाला खाली खेचायचे नसून दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे आहे, अशी दंडवत्यांची भूमिका होती.

ही गाडी नागपूर ओलांडून रायपूरवरूनच जाते. एका मुलाने बैलगाडीतून पंधरा रात्री काढल्या त्या वर्षाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. रायपूरच्या फलाटावर आता अशी गाडी उभी राहू लागली, जिच्यात कारकून आणि कलेक्टर यांना सारख्याच गादीवर झोपावे लागत होते.

पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे जोडले गेले. त्यावरून तो प्रयोग फसला, असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तसे वाटत नाही. वर्गविहीन गाडी एका मार्गावरची होती, फोमची गादी मात्र देशभर गेली आणि राहिली. आज शयनयानातील प्रवाशाला गादी हा कोणी केलेला उपकार वाटत नाही, ती असणारच असे तो धरून चालतो. चांगल्या प्रशासकीय निर्णयाची हीच खूण होय: काही वर्षांनी तो निर्णय होता हेच लोक विसरतात.

चोवीस आणि ऐंशी

आता आजच्या डब्याकडे येऊ. एलएचबी पद्धतीच्या पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात साधारण चोवीस शायिका असतात. तेवढ्याच लांबीच्या साध्या शयनयानात ऐंशी. कूपेतल्या एका माणसाच्या जागेत तिकडे तीन माणसांहून अधिक निजतात. त्यासाठी तो जास्त भाडे मोजतो, हे खरे. परंतु चोवीस शायिका ही इतकी लहान संख्या आहे की त्यांतल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या तरी कोणाचे तरी सगळे गणित विस्कटते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. रायपूरहून मुंबईला एका बैठकीसाठी मी आणि माझे एक सहकारी निघालो होतो. बैठक नेहमीची होती. आठवडाभर आधी ठाऊक होती. तरी तिकिटे ऐनवेळी काढली, कारण आपत्कालीन कोटा हाताशी होता. कार्यालयातून पत्र गेले, दोन शायिका मिळाल्या, आणि तक्त्यात पाहिले तर चक्क कूपे.

गाडी लागली. डब्याच्या दाराशी एक बाई तपासनीसाशी बोलत होत्या. शेजारी त्यांचे यजमान घडीच्या खुर्चीवर बसलेले, अंगावर शाल, मान खाली. बोलणे हिंदीत चालले होते, पण मध्येच त्या यजमानांकडे वळून म्हणाल्या, "अहो, जरा धीर धरा, विचारते आहे मी." मराठी ऐकून मी थांबलो. यजमानांवर मुंबईत उपचार चालू होते. बसून रात्र काढणे त्यांना शक्य नव्हते, आणि अंगाला लावलेल्या नळीमुळे चारचौघांत निजणे त्यांना नकोसे होई. म्हणून ऐपत नसताना या वर्गाची दोन तिकिटे त्यांनी काढली होती. प्रतीक्षायादीत त्यांचे क्रमांक होते एक आणि दोन.

तपासनीस नम्र होता. "बाईजी, चार्ट बन गया है," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. त्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

मी मागे उभा होतो. त्या दोन शायिका कुठे गेल्या हे त्या फलाटावर फक्त मला आणि माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. काही बोलायला हवे होते. आम्ही उतरतो, यांना बसवा, असे तपासनीसाला म्हणता आले असते. नियमात बसले असते की नाही हे नंतर पाहता आले असते. मी ते म्हटले नाही. गाडी काही मिनिटेच थांबते. आम्ही आत गेलो, गाडी हलली आणि सहकाऱ्यांनी दाराची कडी लावली. त्या कडीचा आवाज अजून आठवतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण त्याने त्या गृहस्थांना काही उपयोग झाला नाही.

त्या कोट्याचे नियम मी नंतर नीट वाचले. पदाच्या मानक्रमानुसार आलेल्या मागण्या आधी पाहायच्या. उरलेल्या जागा देताना निकडीचे स्वरूप पाहायचे, आणि त्यासाठी उदाहरणे दिली आहेत: सरकारी कर्तव्य, कुटुंबातील मृत्यू, आजारपण, नोकरीची मुलाखत. आजारपण नियमात आहे. पण आजाऱ्याला नियम ठाऊक हवा, अर्ज वेळेत द्यायला हवा, आणि अर्जावर वजन असेल अशी सही हवी. माझ्यापाशी तिन्ही होते. कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात मोठी सवलत देते. शयनयान आणि वातानुकूलित तीनमजली वर्गात तर पूर्ण, वातानुकूलित पहिल्या वर्गात निम्मी. हे निःसंशय स्तुत्य आहे. मात्र सवलत भाड्यात मिळते, शायिका मिळेलच असे नाही. कल्याणकारी तरतुदी पुष्कळदा अशाच दारापर्यंत येऊन थांबतात.

त्यानंतर मी स्वतःपुरते दोन नियम केले. आधीपासून ठरलेल्या कामासाठी कोट्याची मागणी करायची नाही. आणि माझ्या सहीने कोणाची शिफारस जायची असेल, तर कारण सविस्तर लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही. कारण लिहावे लागते म्हटल्यावर निम्म्या मागण्या आपोआप गळाल्या. हा उपाय कोणत्याही कार्यालयाला फुकट उपलब्ध आहे.

दाराबाहेरचा पहारा

आणखी एक घटना सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हावड्याहून रायपूर-नागपूरमार्गे मुंबईला येणाऱ्या दुसऱ्या एका गाडीचे नाव ज्ञानेश्वरी. बंगालच्या कवीच्या ग्रंथाचे नाव एकीला, महाराष्ट्राच्या संताच्या ग्रंथाचे दुसरीला. नाव देणाऱ्याने मोठ्या मनाने दिले असणार. २८ मे २०१० च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात रुळांशी केलेल्या घातपातामुळे ही गाडी घसरली आणि समोरून येणारी मालगाडी तिच्या डब्यांवर आदळली. १४० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बहुतेक जण झोपेत होते.

त्यानंतर त्या टापूत रात्रीची प्रवासी वाहतूक दीर्घ काळ थांबवण्यात आली. गाड्यांची वेळापत्रके अशी बदलली की तो पट्टा उजेडात ओलांडला जावा. रायपूरला येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा येऊ लागल्या. लोक कुरकुरले, पण त्या निर्णयाचा अर्थ गंभीर होता. एवढ्या पट्ट्यात रात्री तुमच्या झोपेची हमी देऊ शकत नाही, अशी ती राज्याने दिलेली कबुली होती. १८७७ सालची रात्र काही काळापुरती परत आली होती.

म्हणूनच कूपेच्या कडीवर फार विसंबू नये, असे मला वाटते. ती कडी फार तर अनोळखी माणसाला बाहेर ठेवते. गाडीतल्या चोवीसांची आणि ऐंशींची झोप राखतात ती बाहेर जागी असलेली माणसे: चालक, गार्ड, केबिनमधला स्विचमन, आणि पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन रुळांवरून मैल न् मैल चालणारा गँगमन. २०१७ च्या ऑक्टोबरात रेल्वे मंडळाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांची खास सलून सोडून शयनयान आणि तीनमजली डब्यांतून प्रवास करण्यास सांगितले, आणि अधिकाऱ्यांच्या घरी राबणाऱ्या ट्रॅकमनना कामावर परत पाठवण्याचा आदेश दिला. या दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या गेल्या, हे मला अर्थपूर्ण वाटते. साहेबाच्या बंगल्यावरचा गँगमन रुळावर नसतो.

परिचितांना शेवटी मी एवढेच लिहिले: आई-दादांना अवश्य या वर्गाने न्या. त्यांच्या वयाला ते सुख मिळालेच पाहिजे. तिकीट लवकर काढा, दोघांसाठी कूपेची विनंती करा, कडी लावा आणि निश्चिंत झोपा. फक्त गाडी सुटण्यापूर्वी एकदा दारातून बाहेर डोकावून पाहा. तुमच्या क्रमांकाच्या मागे प्रतीक्षायादीत कोण उभे आहे, हे फलाटावर दिसते. खोलीत शिरल्यावर ते दिसत नाही.